ताईच्या नाण्यातलं

५ फेब्रुवारी

चि. धाकट्या,

आशीर्वाद. तू मला ‘प्रति, श्रीमती’ असं लिहिलंस म्हणून मी तुला ‘प्रति, श्रीयुत’ लिहिणार नाही. तुझं नाक मी पुसलेलं आहे.

पत्र मिळालं. टाइप केलेलं, मुद्द्यांना आकडे घातलेलं, खाली लफ्फेदार सही. फोनवर माझा आवाज चढतो आणि तुझं डोकं दुखतं, म्हणून यापुढे जे काही असेल ते लेखी, असं तुझं म्हणणं. बरं. लेखी तर लेखी. पत्रं वकिलाला दाखवणार आहेस असंही लिहिलंस, तेव्हा तुला ठाऊक असलेलंही सगळं लिहिते. वकीलसाहेब, नमस्कार. आमचे वडील कवळ्या करायचे. दंतवैद्य लोकांच्या तोंडाची मापं पाठवायचे आणि बाबा घराच्या मागच्या खोलीत बसून त्यावरून दात घडवायचे. एक्केचाळीस वर्षं. डिसेंबरात ते गेले. शेवटचे चौदा महिने त्यांना उठवणं, बसवणं, भरवणं मी केलं. हॉस्पिटलच्या कपडेघरातली नोकरी सांभाळून केलं. हे तुम्हाला सांगितलं नसेल.

आता तुझे मुद्दे. घर दोघांचं, मान्य. मागची खोली रिकामी करून भाड्याने द्यावी, तेही मान्य, मला जरा वेळ दे. तिसरा मुद्दा सोन्याच्या नाण्याचा. ‘वडिलोपार्जित वस्तू, निम्मा हिस्सा.’ हे मात्र साफ अमान्य.

ते नाणं वडिलोपार्जित नाहीच. आजीचे वडील जहाजावर सुतार होते, त्यांना कुणा कप्तानाने दिलं. त्यांनी आजीला दिलं, आजीने आईला आणि आईने मला. मुलीकडून मुलीकडे जायचं असं ठरलेलं. आई गेली तेव्हा मी दहाची होते, म्हणून बाबांनी ते सांभाळलं. माझ्या दर वाढदिवसाला ते चकचकीत घासून, चिमट्यात धरून मला दाखवायचे. एका बाजूला कुरळ्या केसांचा, मोठ्या नाकाचा राजा आणि दुसऱ्या बाजूला ढाल. तू दारात उभा राहून म्हणायचास, “ताईचा नवरा आला बघा.” आठवतं ना? मग ‘ताईचा’ म्हणजे कुणाचा होता तो राजा?

‘लेखी काही आहे का?’ असं विचारलंस. नाही रे बाबा. आईला मरताना स्टँप पेपर आणायला सुचलं नाही.

तरीही तुझ्या मनात किंतु नको. नाणं पारख्याकडे नेते आणि काय असेल ते कळवते. किंमत कळली म्हणजे हिस्सा मिळाला असं समजू नकोस.

तुझी,
ताई


१९ फेब्रुवारी

चि. धाकट्या,

आज सुट्टी टाकून नाणं दाखवून आणलं. जसं घडलं तसं लिहिते, एक अक्षर खालीवर करत नाही.

जुन्या नाण्यांचा पारखी स्टेशनामागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर बसतो. खोलीत एक टेबल, त्यावर हिरवं कापड, एक दिवा, एक तराजू. माणूस सुपारीएवढा, पण शिस्त हेडमास्तरची. आधी स्वतःचे हात धुतले, मग मला धुवायला लावले. मी बाबांची ती कवळीची गोल डबी उघडून नाणं बोटांत उचललं तर ओरडला, “बाई, कडेला धरा, कडेला! तोंडावर बोट लावू नका.”

मग भिंग लावलं आणि कपाळाला हात लावून बसला.

“हे कुणी घासलं?”

“आमचे वडील. दर वर्षी.”

“कशाने?”

“दात घासायच्या यंत्रावर. म्हणजे कवळीला चकाकी आणतात ना, त्या चाकावर.”

त्याने दिवाच बंद केला. मग म्हणाला की नाणं स्पेनचं, सव्वादोनशे वर्षांपूर्वीचं, अस्सल. न घासता ठेवलं असतं तर त्याने स्वतः ते घ्यायला घर गहाण टाकलं असतं. जुनं नाणं कधी घासायचं नसतं, त्याच्यावरचा जुनेपणाच लोक विकत घेतात. राजाचे केस चाकाने सपाट केलेत, कडेची नक्षी पार पुसलीय. बाबांना काय माहीत? त्यांच्या हाती आलेली वस्तू चकाकल्याशिवाय टेबलावरून उतरायची नाही. घरातले चमचेसुद्धा त्या चाकावरून जायचे.

पण खरी गोष्ट पुढे आहे. त्याने नाणं तराजूत टाकलं. असल्या नाण्याचं वजन सत्तावीस ग्रॅम भरायला हवं. चोवीसच्या जरासं वर भरलं. झिजून इतकं जात नाही, म्हणाला. मग दोऱ्याने बांधून पाण्यात बुडवून तोललं. कागदावर आकडेमोड केली, परत बुडवलं. शेवटी भिंग माझ्या हातात दिलं आणि कडेवर बोट दाखवलं. केसासारखी पांढरी रेघ, अख्ख्या कडेने फिरलेली.

“हे मधून चिरलंय,” तो म्हणाला. “आतलं सोनं कोरून काढलं, चांदी भरली आणि दोन्ही तोंडं परत डाक देऊन जोडली. सात ग्रॅमच्या आसपास सोनं गेलंय. पण काम काय सुंदर आहे हो! असा हात मी पाहिला नाही.”

मी म्हटलं, “म्हणजे कुणीतरी चोरलं?”

“चोराने नाणं पळवलं असतं. इतके दिवस बसून परत जोडलं कशाला असतं?”

एकोणचाळीस वर्षं ज्याला माझं माझं म्हटलं ते आतून भलतंच निघालं. हे तुला कळवलं नसतं तरी चाललं असतं, पण लपवाछपवी मला जमत नाही. तुला काही आठवत असेल, ते नाणं कधी घराबाहेर गेलं होतं का, कुणाकडे ठेवायला दिलं होतं का, तर लिही.

ताई


१४ मार्च

धाकट्या,

‘चि.’ या वेळी गाळलंय, बघितलंस ना?

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा वाटलं मीच चुकीचं वाचतेय. ‘बाबांच्या अखेरच्या काळात घरात तूच एकटी होतीस. मागच्या खोलीतली सर्व हत्यारे तुझ्या ताब्यात होती. सोने आपोआप नाहीसे होत नाही.’ वा रे वा! म्हणजे मी बाबांना कुशीवर वळवायचं, त्यांची चादर बदलायची आणि मग मागच्या खोलीत जाऊन सव्वादोनशे वर्षांचं नाणं बिस्किटासारखं उघडायचं, आतलं सोनं खाऊन चांदी भरायची. मला साधं भांडं डागता येत नाही, धाकट्या. बाबांचा तो बर्नर पेटवताना मी दोनदा भुवया जाळून घेतल्यात आणि दोन्ही वेळा तू हसून लोळला होतास.

आणि अक्कल असती ना, तर असं करून मी ते पारख्याकडे नेलं असतं का? त्याने जे सांगितलं ते तुला जसंच्या तसं कळवलं असतं का? गप्प बसता येत नव्हतं मला?

त्याच्यावर कडी म्हणजे तू मामाला लिहिलंस. काल मामा आला. ऐंशीचा म्हातारा, दोन बस बदलून आला, चहा घेतला, बाबांच्या फोटोकडे पाहून उसासा टाकला. मग माझ्या कानांकडे बघत राहिला. म्हणाला, “हे कानातले नवीन का गं?”

मी म्हटलं, “मामा, हे आईचे. तूच तिच्या लग्नात दिलेले.”

त्याने मान खाली घातली. तेवीस वर्षं मी हॉस्पिटलच्या कपडेघरात आहे, आजपर्यंत एक उशीचा अभ्रा कमी भरलेला नाही, आणि माझ्या मामाला माझे कान तपासावे लागले. ते तुझ्यामुळे. हे मी विसरणार नाही, एवढं लिहून ठेव. लेखीच आहे सगळं, तेव्हा लिहून झालंच.

पत्राच्या शेवटी तू जुनंच रडगाणं लावलंस. ‘बाबांनी गावभर सोन्याचे दात वाटले आणि स्वतःच्या मुलाला पितळ लावले, तिथेच मला माझी किंमत कळली.’ किती वर्षं पुरवणार आहेस हे? चौदा वर्षांचा होतास. माझी सायकल न विचारता नेलीस, उतारावर ब्रेक लागला नाही, पायरीवर तोंड आपटलं, वरचे पुढचे दोन दात गेले. बाबांनी शेजारच्या दोन दातांना धरून चार दातांचा ब्रिज करून दिला. समोरून पांढराशुभ्र, कुणाला सांगूनही खरं वाटणार नाही. मागून पितळ होतं, तर होतं. तेवढी ऐपत होती, तेवढं केलं. गावभर वाटलेलं सोनं त्यांचं होतं का? दंतवैद्य मोजून पाठवायचे. कानशीखाली पडलेला कीससुद्धा बाबा कागदावर झाडून, पुडी बांधून परत द्यायचे. मी पुड्या बांधायला बसायचे, मला माहीत आहे.

घर सोडून गेलास त्या दिवशी दारात उभं राहून काय बोललास ते आठव. “लोकांना सोनं आणि मला पितळ. असा बाप नसता तरी चाललं असतं.” बाबांच्या हातात कानस होती. ती तशीच फिरत राहिली. तू गल्लीच्या टोकाला वळलास तेव्हा मी पाहिलं तर त्यांनी दाताऐवजी स्वतःचं नख घासलं होतं, रक्त येईपर्यंत. हे तुला आजवर कधी सांगितलं नव्हतं. आता सांगते, कारण आता मला तुझी कीव येत नाही.

तुझी बायको मात्र भली आहे. तिने वेगळी चिठ्ठी पाठवली, ‘ताई, यांचं मनावर घेऊ नका, यांना पुढचे दात दुखले तरी दंतवैद्याकडे जात नाहीत, तोंड दाखवायची लाज वाटते म्हणतात.’ लाज दातांची वाटते, जिभेची नाही.

वकिलाची नोटीस पाठवायची असेल तर खुशाल पाठव. चोर म्हणवून घेऊन मी तुला निम्मं काय, एक कणसुद्धा देणार नाही.

ताई


२ एप्रिल

धाकट्या,

नोटीस मिळाली. पंधरा दिवसांत गेलेल्या सोन्याचा खुलासा करावा, नाहीतर पोलिसांत तक्रार. सही तुझीच आहे, भिंग लावून पाहिली.

मागची खोली रविवारपासून आवरायला घेते. तुझा दुसरा मुद्दा तरी पूर्ण करते. त्यात काही सोन्याचं सापडलं तर तुला आधी कळवीन, घाबरू नकोस.

ताई


११ एप्रिल

चि. धाकट्या,

हे पत्र मी सकाळपासून लिहितेय. तीन कागद फाडले. आता येईल तसं लिहिते.

खोलीत काय काय होतं ते तुला आठवत असेल. भिंतीला लागून ती लांब फळी आणि तिच्यावर लोकांच्या तोंडांचे प्लास्टरचे साचे. दोनशे तरी असतील. प्रत्येकाच्या बुडाला बाबांनी पेन्सिलीने लिहिलेलं, कुणाचं तोंड, कुठला दंतवैद्य, काय काम, कुठला धातू किती. मी पोत्यात भरत चालले होते. मेलेल्या माणसांचे दात हाताळून हाताळून अंगावर काटा यायचा थांबला होता.

सगळ्यांत खालच्या खणात, मेणाच्या डब्यामागे, माझ्या शाळेच्या रुमालात गुंडाळलेला एक साचा निघाला. लहान जबडा. पुढचे दोन दात नाहीत, शेजारचे दोन तासलेले. मी ओळखलाच. उलटा केला. बुडाला लिहिलंय:

‘धाकटा. वय १४. पुढचा ब्रिज, चार दात. सोनं ७ ग्रॅम, ताईच्या नाण्यातलं. परत भरायचं.’

शेवटचे दोन शब्द पुन्हा पुन्हा गिरवलेले आहेत. कुठे पेन्सिल, कुठे निळी शाई, एका जागी लाल. दर वर्षी एकदा गिरवले असावेत. माझ्या वाढदिवशीच, दुसरं काय. नाणं घासायला काढायचे तेव्हा. आता कळतं की ते नाणं माझ्या हातात का देत नव्हते, चिमट्यानेच का दाखवायचे. आणि चाकावर इतकं का घासायचे तेही कळतं. कडेची ती रेघ बुजवत होते.

तुझ्या दातांमागे पितळ नाही, धाकट्या. पितळ असतं तर इतक्या वर्षांत हिरवं पडून गळून गेलं असतं. तू कवळीवाल्याचा मुलगा, तुला एवढं सुचू नये? तुझ्या तोंडात आजीचं सोनं आहे. पितळ म्हणून सांगितलं, कारण सोनं म्हटलं असतं तर तू शाळाभर जबडा उघडून दाखवत फिरला असतास, आणि मी विचारलं असतं की कुठून आणलं.

बाबांवर मी दोन दिवस इतकी चिडले होते की फोटो भिंतीकडे वळवून ठेवला. माझी वस्तू, मला न विचारता चिरली! मरेपर्यंत सांगितलं नाही! माझा भाऊ मला चोर म्हणेल हे त्यांना कुठे माहीत होतं म्हणा. पण विचारायला काय झालं होतं? मी दिलं नसतं का?

नसतं दिलं. हे खरं. सोळा-सतराची होते आणि तुझा भयंकर राग होता.

आता दुसरं सांगायचं आहे, त्यासाठीच तीन कागद फाडले. त्या दिवशी ब्रेक लागला होता, धाकट्या. सायकलीला काही झालं नव्हतं. तू माझी सायकल घेऊन निघालास ते मी पाहिलं, मागून धावत आले आणि उतार सुरू व्हायच्या आधी कॅरिअर धरून हिसका दिला. तू मागे वळून पाहिलंच नाहीस. पायरीवर तुझं तोंड आपटल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. त्याच संध्याकाळी मी बाबांना सांगितलं. त्यांनी हातातलं मेण खाली ठेवलं, म्हणाले, “ब्रेक लागला नाही, एवढंच सांगायचं. बाकी मी बघतो.” मला वाटलं, बाकी म्हणजे तुझी समजूत घालतील. त्यांनी माझ्याकडूनच भरून घेतलं आणि मला पत्ता लागू दिला नाही. वर ते परत द्यायचंही स्वतःच्याच डोक्यावर घेतलं. तेवढं सोनं काही त्यांना कधी जमलं नाही.

तुझी माफी मागते. दातांबद्दल मागते, इतर कशाबद्दल नाही. तू मला चोर म्हणालास ते अजून तसंच आहे.

पारख्याला साचा नेऊन दाखवला. त्याने वाचलं, परत वाचलं, म्हणाला, “बाई, हे दोन्ही एकत्र ठेवा. मी दोन्हीची किंमत नाही सांगू शकत.” सुपारीएवढा माणूस, पण मला जिन्यापर्यंत पोचवायला आला.

तर आता नोटिशीचं उत्तर. सोन्याचा खुलासा मागितला होतास, तो केला. निम्मा हिस्सा मागितला होतास. सात ग्रॅम तुला तेहतीस वर्षांपूर्वीच मिळालेत आणि तू रोज त्याच सोन्याने जेवतोस. ते मी परत मागत नाही. उरलेलं माझं. लेखी काही आहे का, असंही विचारलं होतंस. आहे. ‘ताईच्या नाण्यातलं’, बाबांच्या अक्षरात. साचा पाठवत नाही, बुडाचा फोटो सोबत जोडलाय. तुझ्या वकिलाला दाखव.

मामाला मी काही लिहिणार नाही. ते तू लिहायचंस. सोनं सापडलं म्हणून कळव, आणि कुठे सापडलं तेही सांग. पण त्याआधी दंतवैद्याकडे जा, आरशासमोर तोंड उघड आणि मागच्या बाजूला काय आहे ते एकदा नीट बघ.

बाबांचा फोटो मी परत सरळ केलाय.

तुझी,
ताई